पहिल्या टेस्टला पास: मकरपुऱ्यातल्या एका ट्रान्सफॉर्मर कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतला एक मध्यम आकाराचा कारखाना. माल म्हणजे ११ केव्ही / ४३३ व्होल्टचे वितरण ट्रान्सफॉर्मर: २५, ६३, १०० आणि २०० केव्हीए क्षमतेचे. महिन्याला साधारण २४० नग निघतात. गिऱ्हाईक मुख्यतः वीज वितरण कंपन्या, त्यामुळे आयएस ११८० या भारतीय मानकाचं बंधन आहे आणि डिलिव्हरी लांबली की दंड बसतो. मालक कुटुंब मराठी, वडोदऱ्यातली तिसरी पिढी. वर्क्स मॅनेजर नाशिकहून आलेले. कामगारांत तरसाली-माणेज्याकडचे गुजराती आणि मराठी, दाहोद-पंचमहालचे आदिवासी, थोडे उत्तर प्रदेश-बिहारचे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटू नये म्हणून आकडे जरा गोल केले आहेत.

पुढचं सगळं समजायला कामाची साखळी डोळ्यांपुढे हवी. एका ट्रान्सफॉर्मरला तीन एलव्ही (कमी दाबाच्या) आणि तीन एचव्ही (उच्च दाबाच्या) कॉइल लागतात. वाइंडिंगमधून, म्हणजे तार गुंडाळून कॉइल करणाऱ्या विभागातून, त्या असेंब्लीत जातात, कोअरवर (पोलादी पत्त्यांच्या गाभ्यावर) चढतात, वरचा योक (गाभ्याची आडवी बाजू) भरला जातो, टॅपिंगच्या (व्होल्टेज कमीजास्त करण्यासाठी कॉइलमधून काढलेल्या) तारा जोडल्या जातात. मग किमान एक पूर्ण दिवस ओव्हन, नंतर टँकिंग (टाकीत बसवणं), तेल भरणं आणि शेवटी टेस्ट बेंच. एचव्हीवर १२ वाइंडर, एलव्हीवर ६, असेंब्लीत १२, ओव्हन-टँकिंगला ३. शिवाय असेंब्लीत ठेकेदाराकडून आलेले तीन हेल्पर.

पगाराची रचना अशी होती. एचव्ही वाइंडरला पगाराशिवाय प्रत्येक कॉइलमागे इन्सेन्टिव्ह: २५ केव्हीएला ५८ रुपये, ६३ ला ६२, १०० ला ६५. माणशी महिन्याला सरासरी ३,८०० पडत. सगळ्यांत वेगवान वाइंडर ६,५०० पर्यंत जाई. एलव्ही आणि असेंब्लीला इन्सेन्टिव्ह नव्हता. असेंब्लीला ओव्हरटाइम मिळे, कारखाना कायद्याप्रमाणे दुप्पट दराने, माणशी सरासरी २,६०० रुपये.

अडचण

महिन्याच्या २४० नगांपैकी २७ टेस्ट बेंचवरून परत यायचे. नऊमागे एक. परत आलेला नग म्हणजे तेल काढा, टँकमधून बाहेर घ्या, वरच्या योकच्या पत्त्या उपसा, कॉइल ओढून काढा, नवी चढवा, पुन्हा ओव्हन. दोन-तीन दिवस जातात आणि मजुरी, कागद, तेलाचं फिल्टरिंग, ओव्हनची वीज धरून साडेचार हजारांच्या आसपास खर्च येतो.

शिवाय १२ एचव्ही वाइंडरपैकी ५ जण एका वर्षात सोडून गेले होते. जवळच्या वाघोडिया आणि पोर इथले कारखाने शिकलेला वाइंडर हातोहात उचलतात आणि एचव्हीवर नवा माणूस भरवशाचा व्हायला सहा महिने लागतात.

व्यवस्थापनाचं निदान ठरलेलं होतं: ‘टीमवर्क नाही, आपलेपणा नाही.’ त्यावर उपायही झाले होते. पावागढची सहल झाली, टी-शर्ट वाटले गेले, गेटजवळ ‘महिन्याचा उत्कृष्ट वाइंडर’ म्हणून फोटो लागू लागला. सहलीने कुणाचं वाईट झालं नाही. फोटोने झालं, कारण तो कॉइलच्या संख्येवर लागत असे.

वर्क्स मॅनेजरनी तीन महिन्यांची जॉब कार्डं आणि टेस्ट रिपोर्ट समोरासमोर ठेवले, तेव्हा चित्र पालटलं. नापास होण्याची दोन मोठी कारणं निघाली.

पहिलं, रेशो, म्हणजे एचव्ही आणि एलव्ही कॉइलींच्या टर्नचं (वेढ्यांचं) गुणोत्तर. एचव्हीची जोडणी डेल्टा, तिच्या फेजला ११,००० व्होल्ट; एलव्हीची स्टार, तिच्या फेजला २५० (दोन फेजांत ४३३), म्हणून गुणोत्तर ४४. एलव्हीला ७० टर्न असतील तर एचव्हीला ३,०८०. फरकाची मर्यादा अर्धा टक्का किंवा इंपीडन्सच्या (ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या अडथळ्याच्या) टक्केवारीचा दहावा भाग, यांतली जी कमी ती. साडेचार टक्के इंपीडन्सला ती ०.४५ टक्के होते, म्हणजे ३,०८० टर्नमध्ये जेमतेम १४ टर्न. तार तुटली, जोडली, काउंटर पुन्हा लावताना घोळ झाला की एवढे टर्न सहज इकडेतिकडे होतात.

दुसरं, इंटरटर्न शॉर्ट, म्हणजे शेजारच्या टर्नमध्ये शॉर्ट. तुटलेली तार जोडल्याचा जॉइंट नीट घासला नाही किंवा त्यावर क्रेप पेपर (इन्सुलेशनचा कागद) कमी पडला तर कॉइल दिसायला ठीक असते, मेगरवरही (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्रावर) ठीक येते आणि शेवटी डबल व्होल्टेज डबल फ्रिक्वेन्सी टेस्टला नापास होते.

दोन्हींच्या मुळाशी जॉइंट. पण तीन महिन्यांच्या जॉब कार्डांवर एकूण ४ जॉइंट नोंदलेले होते, आणि त्याच तीन महिन्यांत नुसत्या उघडलेल्या कॉइलींत १९ सापडले होते. न उघडलेल्या कॉइलींत किती असतील याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

नोंद का होत नव्हती? नियमानुसार जॉइंट लिहिला की मशीन थांबवून सुपरवायझरला बोलवायचं, अर्धा तास जायचा आणि ती कॉइल ‘बी’ धरून निम्मा दर मिळायचा. जॉइंट लपवला तर पूर्ण दर. कॉइल नापास ठरेपर्यंत आठ-दहा दिवस उलटलेले असत, ती कुणाची हे शोधायला कुणाला सवड नसे आणि दुरुस्ती दुसऱ्याच विभागाच्या गळ्यात पडे. त्या दुसऱ्या विभागाची गंमत अशी की नग परत आला की असेंब्लीला ओव्हरटाइम मिळे. कुणी संगनमत केलेलं नव्हतं. पण घाई करून दोष वाइंडिंगपर्यंत पोचवावा असं असेंब्लीतल्या एकाही माणसाच्या हिताचं नव्हतं.

तिसरी गोष्ट सोडून गेलेल्यांशी फोनवर बोलल्यावर कळली. पाचांपैकी चौघे नवे वाइंडर होते आणि चौघांनाही सुपरवायझर बहुतेक वेळा २५ केव्हीएचं काम देत असे. केव्हीए कमी तशी तार बारीक आणि टर्न जास्त. २५ केव्हीएची तार एक मिलिमीटरहूनही बारीक, ती तुटतेही अधिक आणि कॉइलला वेळही जास्त लागतो. दर मात्र सगळ्यांत कमी. जुन्यांना ६३, नव्यांना २५. कागदावर दोघांना एकच योजना लागू होती, हातात मात्र नव्याला २,२०० आणि जुन्याला ५,०००. जाताना एकाने म्हटलं होतं, “भाऊ, मला तिथे पगार जास्त नाही. तिथे कामाची पाळी लावलेली असते, एवढंच.”

कोणते पर्याय पुढे आले

धाकट्या मालकांचा पहिला कल वजावटीकडे होता: ज्याची कॉइल नापास, त्याचे पैसे कापा. हे प्रकरण कामगार संहिता अमलात येण्याआधीचं, तेव्हा वेतन प्रदान कायदा, १९३६ लागू होता. त्यानुसार दंड करायचा तर कोणत्या कृत्यांना दंड होईल याची मंजूर यादी नोटीस बोर्डावर लावायची, कामगाराला बाजू मांडू द्यायची, रक्कम त्या पगाराच्या तीन टक्क्यांपुढे न्यायची नाही आणि जमा दंड कामगारांच्याच हितासाठी वापरायचा. साडेचार हजारांच्या नुकसानीपुढे तीन टक्के म्हणजे काहीच नाही. त्याहून मोठी अडचण कायद्याबाहेरची होती. जॉइंट लपवण्याचं कारण निम्मा दर हेच होतं. त्यावर दंडही आला असता तर जॉइंट आणखी खोल गेला असता. हा पर्याय मागे घेतला, पण त्याला दोन बैठका लागल्या.

सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) वाइंडिंग मशीनचा प्रस्ताव किमतीमुळे मागे पडला. शिवाय टॅपिंगच्या तारा काढणं आणि जॉइंट करणं तिथेही हातानेच.

वाइंडिंगमध्ये आणखी एक तपासनीस बसवावा, हा तिसरा पर्याय. त्यातला अर्धा भाग स्वीकारला. माणूस वाढवला नाही, टर्न टेस्टर घेतला. उघडता येणाऱ्या कोअरवर नमुना कॉइल आणि नवी कॉइल एकत्र चढवून टर्न ताडून पाहायचे. एका कॉइलला पाच-सात मिनिटं लागतात. रेशोचा दोष असेंब्लीआधीच पकडला जातो. इन्सुलेशन कमी असलेला जॉइंट मात्र यावर दिसत नाही, आणि तो दिसेल अशा समजुतीत काही काळ गेला.

चौथा पर्याय सामूहिक इन्सेन्टिव्हचा. वर्क्स मॅनेजरनी त्यासाठी गुजरातमधलंच जुनं उदाहरण पुढे केलं. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले होते. स्वयंचलित मागांच्या विभागात २२४ मागांवर बारा निरनिराळ्या प्रकारची कामं वेगवेगळ्या माणसांना वाटलेली होती. प्रत्येक जण आपापल्या कामापुरता आणि माग चालतो की नाही याला धनी कुणीच नाही. राइस यांनी ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एकेका छोट्या गटाकडे द्यावी असं सुचवलं आणि कामगारांनी गट स्वतःच पाडले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. मालकांना हे पटलं. पण याच कथेचा उत्तरार्धही बैठकीत निघायला हवा होता. एरिक मिलर १९७० मध्ये पुन्हा तिथे गेले तेव्हा एका ठिकाणी गटांची घडी टिकून होती, इतरत्र बरीचशी विस्कटली होती. गट पाडणं हे एका महिन्याचं काम आहे. दबाव आला की व्यवस्थापन त्यांना मोडतं की राखतं, हे पुढच्या वर्षांत कळतं.

निर्णय: मोजायचं कुठे?

सामूहिक इन्सेन्टिव्ह म्हटलं की चर्चा लगेच ‘किती जणांचा गट’ इथे पोचते. या कारखान्याने आधी दुसरा प्रश्न सोडवला आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय तोच. मोजण्याची जागा वाइंडिंग मशीनवरून उचलून टेस्ट बेंचवर नेली. पैसे कॉइलचे मिळणार नाहीत, पहिल्याच टेस्टला पास झालेल्या ट्रान्सफॉर्मरचे मिळतील. दुरुस्त करून पास झालेल्या नगाचं शून्य.

मग गट. अख्खा कारखाना एकच गट धरला तर आपल्या हाताचा परिणाम कुणालाच दिसत नाही. फक्त वाइंडरांचा केला तर असेंब्ली बाहेर राहते. शेवटी तीन गट, म्हणजे सेल, ठरले: प्रत्येकी ४ एचव्ही, २ एलव्ही, ४ असेंब्ली, १ ओव्हन-टँकिंग, असे ११ जण. महिन्याला सेलमागे ८० ट्रान्सफॉर्मर आणि २५ केव्हीएचा वाटा तिघांना सारखा. सेलच्या आत २५ केव्हीएची पाळी भिंतीवर लिहिलेली. ती कुणाला द्यायची हा सुपरवायझरचा अधिकार संपला.

हिशोब असा. पहिल्या टेस्टला पास झालेल्या नगामागे ४२० रुपये सेलच्या खात्यात. वाटणी कौशल्याप्रमाणे: एचव्ही १.४, एलव्ही १.२, असेंब्ली आणि ओव्हन १. सेलचे एकूण १३ भाग. ८० पैकी ७७ पास झाले तर ३२,३४० रुपये, एका भागाला २,४८८. एचव्ही वाइंडरला ३,४८३. म्हणजे सरासरी वाइंडरला तीनशेचा फटका, ६,५०० वाल्याला तीन हजारांचा. म्हणून जुन्या इन्सेन्टिव्हवाल्यांना मागच्या बारा महिन्यांची सरासरी सहा महिने राखून दिली. असेंब्लीच्या माणसाला उलटा प्रश्न पडला: नग परत आले नाहीत तर ओव्हरटाइम बुडणार. त्याला जुन्या ओव्हरटाइमची पावती आणि नव्या भागाचा आकडा शेजारी ठेवून दाखवला. तोंडी सांगून तो ऐकत नव्हता आणि त्यात त्याची चूक नव्हती.

पगाराची पद्धत बदलत असल्याने औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ खाली २१ दिवसांची नोटीस दिली, गुजराती आणि हिंदीत. या २१ दिवसांचा चांगला उपयोग झाला. जेवणाच्या सुट्टीत रोज अर्धा तास वर्क्स मॅनेजर आणि हिशोबनीस कॅन्टीनमध्ये बसत आणि ज्याला पाहिजे त्याला त्याच्या मागच्या महिन्याच्या आकड्यांवर नवी रक्कम काढून देत.

कार्यवाही

जुलैपासून सुरुवात झाली. पैशांइतकाच महत्त्वाचा बदल जॉइंटच्या नियमात होता. तार तुटली की मशीन थांबवायची. काउंटरचा आकडा लिहायचा. जॉइंट ब्रेझ करून घासायचा, क्रेप पेपर एकावर एक चढवून गुंडाळायचा. शेजारच्या मशीनवरच्या वाइंडरने पाहून सही करायची. कितवा थर, कितवा टर्न हे जॉब कार्डावर आणि सेलच्या तक्त्यावर लिहायचं. दर कापला जाणार नाही. रोज सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी तक्त्यापाशी उभ्या-उभ्या आठ-दहा मिनिटं बोलायचं. आदल्या दिवशीचा टेस्ट रिपोर्ट, नापास नग उघडला असेल तर ती कॉइल सगळ्यांनी बघायची, आज कोण नाही, बस. भाषणाला बंदी.

पहिल्या आठवड्यात तक्ता कोराच होता. सगळ्यांत जुने वाइंडर, ज्यांना मॅनेजरसकट सगळे काका म्हणतात, त्यांनी आठव्या दिवशी स्वतःचा जॉइंट लिहिला. त्या पगाराला त्यांची रक्कम कापली गेली नाही हे पोरांनी पाहिलं. पुढच्या महिन्यापासून नोंदी येऊ लागल्या. “काका, हा बारीकसाच आहे, लिहू?” “लिही की. तक्त्यावर जागा चिक्कार आहे.”

ऑगस्टमध्ये ३१ जॉइंट नोंदले गेले आणि धाकटे मालक हादरले. त्यांच्या दृष्टीने महिन्याला एक-दोन जॉइंट होत होते ते अचानक ३१ झाले. योजना बंद करावी इथवर गोष्ट आली. इथे वर्क्स मॅनेजर ठाम राहिले. त्यांचा मुद्दा साधा होता: जॉइंट वाढले असते तर नापास नगही वाढले असते, आणि ते २७ वरून २१ वर आले आहेत. वाढली ती नोंद. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासताना असाच प्रकार दिसला होता: ज्या वॉर्डांत माणसं मोकळेपणाने बोलत तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. दोष नोंदवायची मुभा दिल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत आकडा वाढलाच नाही, तरच काळजी करावी.

त्या ३१ नोंदींनी एक गोष्ट हाती दिली, जी वर्षानुवर्षं कुणाला दिसली नव्हती. २२ जॉइंट चारच मशीनवर होते. त्यांच्या टेन्शनरमधले (तारेला ताण देणाऱ्या भागातले) फेल्टचे पॅड झिजून कडक झाले होते आणि तार मधूनच आवळली जात होती. शिवाय पावसाळ्यात तारेची रिळं खालच्या गोदामात जमिनीवर ठेवलेली, त्यामुळे तारेवरचा कागद ओल धरत होता. फेल्ट दर महिन्याला बदलायचे ठरले, एका मशीनला शे-दीडशे रुपयांचा खर्च. रिळं लाकडी फळ्यांवर उचलून कोरड्या खोलीत गेली. ऑक्टोबरात जॉइंट १२ वर आले. तार का तुटते हे वाइंडरांना माहीत नव्हतं असं मुळीच नाही. दोघांनी फेल्टचं पूर्वी बोलूनही दाखवलं होतं. पण तुटलेली तार लपवायची असेल तर तिच्या कारणाची तक्रार जोर लावून करता येत नाही.

नवरात्र

वडोदऱ्यात नवरात्राच्या नऊ रात्री मध्यरात्रीपर्यंत गरबा आणि सकाळी आठला निम्मी मशीनं रिकामी, हे दरवर्षीचं. आधीच्या वर्षांत नोटीस लागे: नवरात्रात खाडा केल्यास इन्सेन्टिव्ह बंद. खाडे तरी व्हायचेच. या खेपेला सेलना विचारलं. दोन सेलनी नऊ दिवस साडेनऊला सुरुवात आणि संध्याकाळी तेवढंच उशिरा सुटणं असं ठरवलं. तिसऱ्याने दोन तुकड्या केल्या, गरबा न खेळणारे आठला, खेळणारे दहाला. कौशल्य तक्ता याच वेळी कामी आला. कोण काय एकट्याने करू शकतो, कोण देखरेखीखाली, कोण शिकवू शकतो हे जुलैपासून लिहिलं जात होतं. एलव्हीचे चौघे टॅपिंग शिकले होते. नवरात्रातले खाडे आदल्या वर्षीच्या निम्म्यावर आले.

काय बिनसलं

ठेकेदाराचे तीन हेल्पर वाटणीबाहेर होते. योक भरताना पत्त्या उचलून देणं, कॉइल उतरवताना आधार देणं ही त्यांची कामं. कॉइलच्या कागदाला इजा होण्याची सर्वांत मोठी शक्यता इथेच. ते रोज सकाळी तक्त्यापाशी उभे राहत आणि दुसऱ्यांच्या पैशांचा हिशोब ऐकत. सप्टेंबर-ऑक्टोबरात कागद फाटल्याची सात प्रकरणं झाली. नोव्हेंबरपासून त्यांना ०.७ भाग दिला, ठेकेदाराच्या बिलात वेगळी ओळ घालून, आणि नगामागचे ४२० चे ४४० केले. १३.७ भाग झाले तरी ७७ नगांवर एका भागाला २,४७३ येत होते, म्हणजे बाकीच्यांचे पंधरा रुपये गेले. एवढ्यासाठी चार महिने घालवायला नको होते.

दुसरं, भिंती हलल्या, पण गेल्या नाहीत. पूर्वी वाइंडिंग विरुद्ध असेंब्ली होतं, आता सेल विरुद्ध सेल. एका सेलने नवे फेल्ट कपाटात कुलूपबंद ठेवले. दुसऱ्याचं मशीन बंद असताना तिसऱ्याने सुटा वाइंडर दिला नाही. उपाय म्हणून एकूण रकमेचा पाचवा भाग तिन्ही सेलच्या एकत्रित निकालावर ठेवला. तंटे कमी झाले, थांबले नाहीत.

तिसरं, एका सेलने मागणी केली की सतत खाडे करणाऱ्या सोबत्याचा भाग कापायचा अधिकार आम्हाला द्या. व्यवस्थापनाने तो दिला नाही. भाग हजर दिवसांच्या प्रमाणात केला, एवढंच. हे बरोबर झालं. सोबत्यांनी एकमेकांना पैशांचे गुण द्यायचे म्हटलं की नवा, परप्रांतीय किंवा तोंड न उघडणारा माणूस आधी कापला जातो, आणि २५ केव्हीएचं जुनं राजकारण दुसऱ्या दाराने परत येतं.

सुपरवायझरचा विचार मात्र कुणीच केला नव्हता. काम वाटण्याचा अधिकार गेला, जॉइंट तपासण्याचं कामही शेजारच्या वाइंडरकडे गेलं. दोन महिने तो टेबलापाशी बसून चुका शोधत होता. दिवाळीनंतर त्याला आलेल्या तारेची तपासणी आणि नव्यांचं प्रशिक्षण दिलं. हे काम त्याला उत्तम येतं. जुलैतच देता आलं असतं.

निष्पत्ती

पहिल्या दोन महिन्यांत उत्पादन २४० वरून २१५ वर घसरलं. दहाव्या महिन्यात, एप्रिलमध्ये, ते २४८ होतं. परत येणारे नग २७ वरून ९ वर आले. इन्सेन्टिव्हचा खर्च महिन्याला ४५ हजारांवरून लाखावर गेला आणि दुरुस्तीचा खर्च सुमारे ८० हजारांनी उतरला. असेंब्लीचा ओव्हरटाइम माणशी ७०० वर आला. दहा महिन्यांत एचव्हीचे दोघे सोडून गेले.

नापास नगांतली मोठी घट फेल्ट बदलल्यानंतरची आहे, टर्न टेस्टरचाही त्यात वाटा आहे. नुसत्या सामूहिक इन्सेन्टिव्हने किती फरक पडला हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. एवढं म्हणता येतं की नोंदी आल्या नसत्या तर फेल्टपर्यंत कुणी पोचलं नसतं.

निष्ठेबद्दल बोलताना सावध राहावं लागतं. जॉन मायर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये तीन प्रकार वेगळे केले: मनापासून राहावंसं वाटणं, सोडणं परवडत नाही म्हणून राहणं, आणि राहायला हवं अशा कर्तव्यभावनेने राहणं. जुने वाइंडर आधीही टिकून होते. वीस-बावीस वर्षांची ग्रॅच्युइटी आणि मुलांच्या शाळा सोडून कोण जातो? त्यांची हजेरी पाहून व्यवस्थापन ‘आपली जुनी माणसं निष्ठावान’ म्हणायचं, आणि तीच माणसं जॉइंट लपवत होती. बदल दिसला तो दुसरीकडे. मार्चमध्ये होळीसाठी दाहोदकडचे सात जण आठवडाभर गेले. जाण्याआधी त्यांनी स्वतःहून आपापली पाळी भरून घेतली आणि दोघांनी जाताना अर्धवट कॉइलच्या टर्नचा आकडा खडूने मशीनवर लिहून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सोडून गेलेल्या दोघांत तो सर्वांत वेगवान वाइंडर होता. सहा महिन्यांची हमी डिसेंबरात संपली, उत्तरायण (संक्रांत) झालं आणि त्याने राजीनामा दिला. त्याच्या कॉइलींत दोष जवळपास नसे. वेग खरा होता. योजनेने त्याला सरासरीत ओढलं. हमी सहा महिन्यांऐवजी वर्षाची केली असती तर तो सहा महिने उशिरा गेला असता, एवढंच. त्याच्यासाठी मूळ पगारातच वरची कौशल्य श्रेणी हवी होती, आणि ती जुलैच्या नोटिशीतच लिहायला हवी होती. जानेवारीत ती द्यायला निघाले तेव्हा वाघोडियाच्या कारखान्याचं नेमणुकीचं पत्र त्याच्या खिशात होतं. श्रेणी आता तयार आहे: सर्व रेटिंग, टॅपिंगसह, आणि दोन नवे वाइंडर तयार केलेले असणं अशी अट, भागाचा गुणक १.४ वरून १.६.

दुसरं, जुलैत एकदम तिन्ही सेल सुरू करण्याऐवजी एक सेल तीन महिने चालवला असता तर हेल्परचा प्रश्न आणि सेल-सेलमधली ओढाताण छोट्या प्रमाणात आधी दिसली असती, आणि सामूहिक इन्सेन्टिव्हचा वाटा वेगळा मोजता आला असता. मालकांना डिलिव्हरीच्या दंडाची घाई होती, त्यामुळे हा पर्याय चर्चेलाही आला नाही.

सध्या टेबलावर आहे ती २५ केव्हीएची मोठी ऑर्डर. सगळ्या रेटिंगना सारखेच ४४० ठेवले तर सेलचा महिन्याचा आकडा पडणार, कारण तेवढ्याच तासांत ८० नग निघणार नाहीत. सेलनी २५ केव्हीएसाठी १.१५ चा गुणक मागितला आहे. मालकांचं म्हणणं, आत्ता ऑर्डर घेऊ, गुणकाचं दिवाळीला पाहू. वर्क्स मॅनेजरनी चारही रेटिंगच्या कॉइलींचा वेळ घड्याळ लावून मोजायला घेतला आहे, आणि ते आकडे येईपर्यंत ऑर्डरची तारीख पक्की करू नये असं लेखी दिलं आहे.